आजोबा, जेमिमाबद्दल आता काय म्हणता?

पत्र, थोडक्यात: "वय ६८, निवृत्त, इंदूरच्या सुदामा नगरला राहतो. सगळं आयुष्य क्रिकेट बघण्यात गेलं. नात चौदा वर्षांची आहे, अकादमीत जाते, मधल्या फळीत खेळते. १९ ऑक्टोबर २०२५ ला महिला विश्वचषकातला भारत-इंग्लंड सामना बघायला तिला होळकर स्टेडियमवर घेऊन गेलो. आपण चार धावांनी हरलो. स्मृती मानधना आउट झाली तेव्हा मी म्हणालो, 'मोठ्या मॅचमध्ये ही अशीच कच खाते.' जेमिमा रॉड्रिग्जला त्या दिवशी बाहेर बसवलं होतं, त्यावरही बोललो, 'बरं झालं, तिच्यात दमच नाही.' आजूबाजूचे हसले. घरी येईपर्यंत नात एक शब्द बोलली नाही. सेमीफायनलच्या रात्री तिने एवढंच विचारलं, 'आजोबा, जेमिमाबद्दल आता काय म्हणता?' तेव्हापासून ती माझ्याबरोबर मॅच बघत नाही, खोलीत मोबाइलवर बघते. मुलगा म्हणतो, पुढच्या वर्षी दहावी आहे, तुम्हीच तिला समजवा की क्रिकेट हा सगळा नशिबाचा खेळ आहे. माझ्याकडे उदाहरणं ढीगभर आहेत: आपला लेगस्पिनर हिरवाणी चार टेस्टमध्ये संपला, मयांक अगरवाल, करुण नायर, कांबळी. सांगू का तिला? आणि तिकीट काढून बसलेल्या माणसाने मत द्यायचंच नाही का?"

काका, नमस्कार.

तिकिटाचं आधी बोलू. मत द्यायचा हक्क आहेच, आणि इंदूरच्या माणसाला तर तो वारशाने मिळालेला आहे. १९४५ साली ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस या सैनिकांच्या संघाविरुद्धच्या सामन्यातून आपल्या इंदूरच्या मुश्ताक अलींना वगळलं, तेव्हा कलकत्त्याच्या लोकांनी 'नो मुश्ताक, नो टेस्ट' असा घोष करत निवड समितीच्या दुलीपसिंहजींना घेरलं होतं. मुश्ताक परत संघात आले. प्रेक्षकांच्या मताला इतकं वजन पुढे क्वचितच आलं असेल. पण त्या लोकांचं मागणं काय होतं? आमच्या माणसाला खेळवा. तुम्ही स्टँडमध्ये बसून जे बोललात, ते एका पंचवीस वर्षांच्या मुलीच्या काळजाबद्दल होतं, आणि ते काळीज तुम्हाला साठ-सत्तर यार्डांवरून दिसत होतं असा तुमचा दावा होता.

बरं, ती तर त्या दिवशी मैदानातही नव्हती. जेमिमा दोनदा शून्यावर गेली होती हे खरं, पण तिची जागा जायला आणखी एक कारण होतं. आपण पाच गोलंदाज घेऊन खेळत होतो आणि ऑस्ट्रेलियाने आपल्या ३३० धावा पार केल्या होत्या. सहावा गोलंदाज हवा म्हणून रेणुका सिंग आली आणि एक फलंदाज कमी झाली. हा हिशेब बरोबर होता की चूक, यावर तुम्ही रात्रभर बोला, मी ऐकेन. मला स्वतःला तो चुकीचा वाटला होता, कारण शेवटच्या षटकांत आपल्याला कमी पडली ती फलंदाजच. पण हे झालं निवडीबद्दलचं मत. त्यात कुणाचा दम मोजावा लागत नाही.

पुढचं तुम्हाला पाठ असेल, तरी सांगते. २३ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध ती तिसऱ्या क्रमांकावर आली, नाबाद ७६. ३० तारखेला सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७. त्या डावात ती ८२ वर असताना ऑस्ट्रेलियाची यष्टिरक्षक अ‍ॅलिसा हीलीने तिचा सोपा झेल सोडला. आता कल्पना करा की हीलीने तो झेल घेतला. आपण बहुधा हरलो असतो, आणि तुम्ही सोफ्यावरून म्हणाला असता, 'बघ, मी तेव्हाच सांगितलं होतं.' मुलगी तीच, मेहनत तीच, त्या क्षणापर्यंत खेळलेले चेंडूही तेच. म्हणजे तुमचं मत जेमिमाबद्दल नव्हतंच काका, हीलीच्या हातमोज्यांबद्दल होतं.

स्मृतीचंही तसंच. सांगलीची पोर म्हणून आपण मराठी माणसं तिच्यावर जरा जास्तच हक्क सांगतो, आणि मग जास्तच चिडतो. ८८ वर ती ज्या फटक्यावर आउट झाली, तो त्या वेळी नको होता, हे म्हणायला काहीच हरकत नाही. सामन्यानंतर ती स्वतःच म्हणाली की फटक्यांची निवड चुकली आणि त्याची सुरुवात माझ्यापासून झाली. पण चारच दिवसांनी, जो सामना हरलो असतो तर गाशा गुंडाळायची वेळ आली असती, त्यात तिने १०९ काढल्या. मोठ्या मॅचमध्ये कच खाणारी बाई ही नव्हे. एका मॅचमध्ये एक वाईट फटका मारणारी म्हणा, मी तुमच्या बाजूने उभी राहते.

आता नशीब. तुमच्या मुलाचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही, कारण या खेळात नशीब आहे, आणि पुष्कळ आहे. याच स्पर्धेत प्रतिका रावलने ३०८ धावा केल्या आणि बांगलादेशविरुद्ध ओल्या मैदानावर क्षेत्ररक्षण करताना तिचा पाय मुरगळला. फायनल तिने व्हीलचेअरवरून पाहिली. तिच्या जागी आली शफाली वर्मा, जी मूळ पंधरांत नव्हती, राखीव यादीतही नव्हती, हरियाणाकडून देशांतर्गत टी-ट्वेंटी खेळत होती. तिने फायनलमध्ये ८७ धावा आणि दोन बळी काढले, सामन्याची सर्वोत्तम खेळाडू तीच. एकीच्या घोट्यातून दुसरीचं दार उघडलं. यात कुणाच्या स्वभावाचा, संस्काराचा, 'दमाचा' काय संबंध? शफालीचं श्रेय एवढंच की बोलावणं आलं तेव्हा ती कुठेतरी खेळत होती, घरी रुसून बसली नव्हती. हे 'एवढंच' फार मोठं आहे, पण ते वेगळं.

तर उदाहरणं सांगायचीच असतील तर पूर्ण सांगा. तुम्ही ज्या पद्धतीने ती पत्रात लिहिली आहेत, त्या पद्धतीने सांगितलीत तर पोर घाबरेल आणि शिकणार काहीच नाही.

मयांक घ्या. नोव्हेंबर २०१९, आपलंच होळकर स्टेडियम, बांगलादेशविरुद्ध २४३. त्याच्या महिनाभर आधी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध विशाखापट्टणमला २१५ आणि पुण्यात १०८. आणि मार्च २०२२ नंतर कसोटीच नाही. तुम्ही म्हणणार, फुटकं नशीब. पण तो संघात आला कसा ते आठवतंय? २०१८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सराव सामन्यात पृथ्वी शॉचा घोटा दुखावला, सलामीचे मुरली विजय आणि के. एल. राहुल पहिल्या दोन कसोटींत चालले नाहीत, म्हणून मेलबर्नला याला उतरवलं. याने ७६ काढल्या आणि जागा पक्की केली. आणि गेला कसा? ऑगस्ट २०२१ मध्ये नॉटिंगहॅमच्या कसोटीआधी नेटमध्ये सिराजचा चेंडू हेल्मेटवर बसला. त्या सामन्यात दोन वर्षं कसोटी न खेळलेला राहुल सलामीला आला, ८४ काढल्या, पुढच्या लॉर्ड्सवर १२९. झालं. ज्या दाराने मयांक आत आला, बरोबर त्याच दाराने बाहेर गेला. दोन्ही वेळा एक दुखापत आणि एक तयार बसलेला माणूस. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये संधी मिळाली तेव्हा मुंबईत त्याने १५० काढल्या, आणि कुठल्या डावात, तर ज्यात न्यूझीलंडच्या एजाज पटेलने दहाच्या दहा बळी घेतले त्या डावात. तरी पुढच्या काही सामन्यांत मोठी धावसंख्या झाली नाही आणि विषय संपला. ४१ ची सरासरी घेऊन माणूस बाहेर.

एजाजचं तर आणखी गमतीदार. एका डावात दहा बळी घेणारा कसोटी इतिहासातला तिसरा गोलंदाज, आणि मायदेशातल्या पुढच्याच मालिकेच्या संघात तो नव्हता. त्याने काय वाईट केलं होतं? काही नाही. न्यूझीलंडच्या खेळपट्ट्यांवर गवत असतं, फिरकीला काम नसतं. मुंबईत जन्मलेला मुलगा मुंबईतच विक्रम करतो आणि ज्या देशाकडून खेळतो तिथलं हवामान त्याला बाकावर बसवतं.

हिरवाणीचं मात्र तुम्ही इंदूरचे असून चुकीचं लिहिलंत, हे मला लागलं. चार नाही, १७ कसोटी, ६६ बळी. गोरखपूरहून पोरवयात क्रिकेटसाठी इंदूरला आलेला मुलगा, संजय जगदाळेंच्या हाताखाली घडलेला. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला पदार्पण, वय एकोणीस, समोर रिचर्ड्सचा वेस्ट इंडीज, आणि १३६ धावांत १६ बळी. पदार्पणातला तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पहिल्या चार कसोटींत ३६ बळी झाले, तुमचे 'चार' बहुधा तिथून आले. आता यात नशीब शोधू. मद्रासची ती खेळपट्टी हातभर फिरत होती, हे नशीब. किरण मोरेने त्या सामन्यात सहा जणांना यष्टिचित केलं, ते मोरेचे हात आणि हिरवाणीने फलंदाजांना पुढे ओढलेलं, म्हणजे कौशल्य. १९८९ ला वेस्ट इंडीजमध्ये तेच फलंदाज त्यांच्या घरच्या खेळपट्ट्यांवर भेटले आणि बळी मिळेनात, तर हे नशीब नव्हे, लेगस्पिनरची परीक्षा आहे. आणि १९९० मध्ये अनिल कुंबळे नावाचा माणूस आला, हे पुन्हा नशीब, कारण तो दहा वर्षं अलीकडे-पलीकडे जन्मला असता तर? चार तुकडे वेगवेगळे केले की गोष्ट कळते. एकत्र करून 'संपला' म्हटलं की नुसती हळहळ उरते.

करुण नायर: त्रिशतक काढलं आणि पुढच्या कसोटीत बाहेर, कारण बोटाच्या दुखापतीतून रहाणे परत आला होता. मार्च २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन कसोटी मिळाल्या, धावा झाल्या नाहीत, आणि मग तो आला थेट २०२५ मध्ये, इंग्लंडला, तोवर आठ वर्षं गेलेली. त्या मालिकेत एकच अर्धशतक झालं आणि पुन्हा जागा गेली. कांबळीबद्दल तुम्ही नातीशी काही बोलू नये असं मी सुचवेन. ५४ ची सरासरी असलेल्या माणसाची कसोटी कारकीर्द तेविसाव्या वर्षी थांबली, एवढं खरं. बाकी त्याच्या आयुष्यावर आपण घरबसल्या इतकं बोललो आहोत की आता पुरे.

आणि आकड्यांवर भिस्त ठेवून बोलायचं तर त्याआधी मैदान बघा. याच होळकरवर ऑक्टोबर २०१६ मध्ये कोहली २११ आणि रहाणे १८८. याच होळकरवर मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच दिवशी आपण १०९ वर गारद, सामना तिसऱ्या दिवशी सकाळी खलास. त्या खेळपट्टीला आयसीसीने आधी 'खराब' शेरा दिला आणि अपिलानंतर तो सौम्य केला. त्या सामन्यात शून्यावर गेलेल्याला दम नव्हता म्हणाल?

आता खरी गोष्ट, जी तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. नात मधल्या फळीत खेळते. जेमिमाची जागा तीच. तुम्ही जेमिमाबद्दल बोलत होतात काका, पण ऐकणारी मुलगी स्वतःच्या जागेबद्दल ऐकत होती. खेळणाऱ्या पोरांना स्टँडमधला आवाज वेगळा ऐकू येतो. उद्या ती दोनदा शून्यावर गेली, तिला बाराव्या क्रमांकावर बसवलं, तर आजोबा बाजूच्या अनोळखी माणसांना काय सांगून हसवतील हे तिला त्या दिवशी कळलं. तिचा राग मतावर नाही. तिने सावधगिरी म्हणून दार लावून घेतलंय. जेमिमाने सेमीफायनलनंतर सगळ्यांसमोर सांगितलं होतं की या स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडली, तिचं मन फार अस्वस्थ होतं. तुमच्या नातीने ते नक्की ऐकलं असणार. तुम्ही ऐकलंत का?

तिने तुम्हाला एक सरळ प्रश्न विचारला होता आणि तुमच्या पत्रात त्याचं उत्तर कुठे दिसत नाही. ते आधी द्या. भाषण नको, 'तुझ्या पिढीला काय कळणार' नको, खाऊ-सरबत देऊन मनधरणीही नको. "जेमिमाबद्दल मी बोललो ते चूक होतं, तिला बाहेर ठेवलं तेही चूक होतं," इतकं पुरे. ती 'हं' म्हणून खोलीत जाईल. जाऊ द्या. लगेच सोफ्यावर येऊन बसावं ही अपेक्षा ठेवू नका.

तिचा सामना असेल तेव्हा जा, पण बाउंडरीजवळच्या पालकांच्या घोळक्यात नको, लांब सावलीत बसा. तिथे बसलेले बाप लोक जे बोलतात ते मी ऐकलंय, मॅच जिंकल्यावर आपल्या इंदूरच्या राजवाड्यावर होणाऱ्या जल्लोषापेक्षा मोठा आवाज असतो त्यांचा. परतताना स्कूटरवर विश्लेषण बंद. तिने विषय काढला तर चेंडूबद्दल बोला: कुठे पडला, तू पुढे आलीस की मागे, फिल्डर कुठे होता. 'तू घाबरलीस का' हा प्रश्न कधीच नको.

नशिबाबद्दल तिच्याशी बोलायचं असेल तर अमोल मुझुमदारांची गोष्ट सांगा. शाळेच्या सामन्यात सचिन आणि कांबळी ६६४ ची भागीदारी करत असताना पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा. मुंबईकडून पदार्पणात २६०, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही, कारण त्या काळात मधल्या फळीत कोण कोण होतं ते तुम्हाला सांगायला नको. (त्यांचा पदार्पणाचा विक्रम पंचवीस वर्षांनी मोडला तो आपल्या मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने, नाबाद २६७, आणि तोही इंदुरातच. हे तिला माहीत नसेल, भाव खाऊन सांगा.) २ नोव्हेंबरला विश्वचषक जिंकलेल्या संघाचे प्रशिक्षक हेच मुझुमदार. या गोष्टीतून काय घ्यायचं ते तिचं तिला ठरवू द्या.

राहिला तुमचा मुलगा. त्याची काळजी खोटी नाही, पण नशिबाचं भय घालायला त्याने तुम्हाला पुढे करू नये, हे त्याला स्पष्ट सांगा. भारताच्या संघात जागा अकराच, हे चौदा वर्षांच्या मुलीला गणितात शिकवावं लागत नाही. तिला न दिसणाऱ्या गोष्टी मात्र त्याने बघाव्यात. मुलींसाठी पंधरा वर्षांखालच्या गटापासून राज्याचे संघ आता आहेत, एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक २०२३ पासून सुरू झाला आणि दोन्ही वेळा आपण जिंकलो, २०२३ पासूनच महिला प्रीमियर लीग आहे, आणि भारताकडून खेळणाऱ्या बायकांचं सामना मानधन २०२२ मध्ये पुरुषांइतकं झालं. छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा गावात मुलांबरोबर टेनिस बॉलने खेळणारी क्रांती गौड इंग्लंडमध्ये एका सामन्यात ५२ धावांत सहा बळी घेऊन आली आणि विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती. शहडोलची पूजा वस्त्राकर तिच्याआधीपासून संघात होती, दुखापतीमुळे या विश्वचषकाला मुकली. दोघी आपल्याच राज्याच्या, दोन्ही नावं त्याला एकदमच सांगा.

आणि दहावी. ती सोडायची नाही यावर तिघांचंही एकमत असेल असं मी धरून चालते. मग वाद उरतो तो फक्त तारखांचा. अकादमीतल्या सरांकडून पुढच्या मोसमातल्या निवड चाचण्या आणि स्पर्धांचा अंदाज घ्या, शाळेच्या परीक्षांच्या तारखा शेजारी लिहा, आणि कुठले आठवडे एकमेकांवर येतात ते बघा. त्या आठवड्यांचं काय करायचं ते तिने आणि तिच्या वडिलांनी ठरवावं. सकाळच्या सरावाला तिला सोडायची जबाबदारी मात्र तुम्ही मागून घ्या. मुलाची अर्धी चिडचिड पहाटे साडेपाचची असते.